खानावळवालीची लबाडी

“थांब,” कृष्णाबाई म्हणाली. “मधलं काहीतरी खाल्लंस तू.”

श्रुतिकाने पानावरचं बोट हलवलं नाही. “नाही हो आई. लिहिलंय तेच वाचतेय.”

“मग मला सांग, अख्खं गाव त्या गोदाक्कावर कशाला चिडलंय? दोन ड्रायव्हर दारात येऊन शिव्या देतात. सरपंच तिची खानावळ बंद करायला निघालाय. आणि त्या बाईने केलं काय? भाकऱ्या भाजल्या. देवाला फूल वाहिलं. एवढ्यावरून कोण शिव्या देतं गो?”

सासूच्या प्रश्नात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

कादंबरी तिने वाचनालयातून न चाळताच उचलली होती. मधुमेहाने कृष्णाबाईची नजर गेली त्याला वर्ष होत आलं होतं. वेसाव्याच्या घरात दिवसभर टीव्ही ऐकून ती विटली होती. चौथ्या पानावर घाटातली ती खानावळवाली आंधळी निघाली, पण तोवर कृष्णाबाई गोष्टीत पुरती गुंतली होती. मग श्रुतिकाने तोडगा काढला. लॅबमध्ये डबा खाताना ती पुढचं प्रकरण वाचून ठेवायची आणि सासूला लागेल अशा ओळींना पेन्सिलीने कंस करायची. संध्याकाळी वाचताना कंस आला की उडी. गोदाक्का एक नंबरची लबाड होती, त्यामुळे उड्या बऱ्याच झाल्या होत्या.

घरात असं सांभाळून बोलायची सवयच लागली होती. चाळीस वर्षं कृष्णाबाई बाजारात मासे विकत होती आणि नजर गेल्यावरही तिला आपल्या जागेवर बसायचं होतं. ओली फरशी, धारदार सुरी, आंधळ्या बाईला फसवणारी गिऱ्हाइकं. दोन महिन्यांपूर्वी ती हट्टालाच पेटली तेव्हा निलेशने, तिच्या मुलाने, बाजार दुरुस्तीसाठी बंद आहे असंच सांगून टाकलं. ती रोज विचारायची, “उघडला का गो?” श्रुतिका रोज म्हणायची, “अजून नाही.”

“गाळलेलं वाच,” कृष्णाबाई म्हणाली.

“तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटलं तर मला वाटेल. तुझं काय जातं?”

श्रुतिकाने पानं मागे उलटली आणि कंसातलं वाचायला लागली. गोदाक्का भिंतीला कान लावून ड्रायव्हरांची बोलणी ऐकत होती. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात घालत होती, वर स्वतःचं थोडं मीठ टाकून. एकाने रांधायला दिलेली कोंबडी तिने दुसऱ्याला खाऊ घातली. दोघांची अंगणात जुंपली तेव्हा ती उंबऱ्यावर हात जोडून बसली आणि मनातल्या मनात गुद्दे मोजत राहिली.

कृष्णाबाई आधी नुसती हसली. मग तिने मांडीवर थाप मारली. मग हसता हसता तिला ठसका लागला.

“काय बाई हाय! आणि हिला तू देवाला फुलं वाहायला बसवलंस?”

श्रुतिकालाही हसू आवरेना. लॅबमध्ये याच ओळी वाचताना ती एकदाही हसली नव्हती. तिथे ती फक्त कुठे लागेल ते शोधत होती. आता मोठ्याने वाचताना तिला पहिल्यांदाच वाटलं, ही बाई आपल्या शेजारी राहायला आली तर आपण दोन कड्या लावू. दया करायचं तर सुचणारही नाही.

“आता बाजाराचं सांग,” कृष्णाबाई म्हणाली.

“बाजाराचं काय?”

“दोन महिने बंद हाय म्हणता. बाजार बंद, तर सगळ्या बाया घरी पाहिजेत. मग सकाळी गल्लीत एक पण भांडण कसं नाय?”

श्रुतिकाने पुस्तक मिटलं.

“बाजार चालू आहे, आई. कधी बंदच नव्हता. तुमच्या जागेवर प्रेमाकाकी बसतात.”

“प्रेमा?” आपल्या जावेचं नाव ऐकून कृष्णाबाई ताठ झाली. “तिला शिळा बोंबील कळत नाय, आणि ती माझ्या जागेवर?”

“शनिवारी मला सुट्टी आहे. मी येते तुमच्याबरोबर.”

“कशाला? माझा हात धरायला?”

“माशांवर पाणी मारायला.”

निलेश दोन दिवस घरभर ओरडत फिरला. “अगं, आईचा पाय घसरला तर वाट लागेल!”

“तुझा पण घसरतो की,” श्रुतिका म्हणाली. “तुला कुणी घरात बसवलंय?”

शनिवारी सकाळी कृष्णाबाई आपल्या जागेवर बसली. प्रेमाला तिने बाजूला सरकवलं, पण जा म्हणाली नाही. एकेक मासा हातात घेऊन तिने कल्ल्यांखाली बोट फिरवलं, पोट दाबलं, नाकाशी नेला. ताजी मांदेली पुढे मांडली. कालची मागच्या पाटीत टाकली. मग ती अशी काही ओरडली की पलीकडच्या तीन बाया वळून बघायला लागल्या आणि एकीने ठेवणीतली शिवी देऊन तिचं स्वागत केलं.

तासाभराने एक बाई आली. हातात कापडी पिशवी, कपाळावर गॉगल. तिने कृष्णाबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि श्रुतिकाच्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, “बिचारी! या वयात, आणि तेही असं! मी काही घासाघीस करणार नाही हं. त्या देतील ते घेईन.”

कृष्णाबाईने मान एकीकडे कलती केली. चेहरा एकदम केविलवाणा झाला. वर्षभरात घरात कुणी तो पाहिला नव्हता. तिचा हात सावकाश, चाचपडत मागच्या पाटीकडे निघाला.

“बिचारी?” श्रुतिका म्हणाली. “ताई, मासे नीट बघून घ्या.”