वरच्या मजल्याची चावी

"वर कोणीतरी राहतंय," गुरुराज पेपर बाजूला ठेवत म्हणाले.

अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. इमारत इतकी सडपातळ, की एका मजल्यावर एकच घर. त्यांच्या डोक्यावरचं अठराव्या मजल्याचं घर तर अजून विकलंही गेलं नव्हतं.

"पाइपाचा आवाज असेल," त्या म्हणाल्या.

"पाइप फरशीवर आदळत नाही."

गेले काही सोमवार हा प्रकार चालला होता. जेवून गुरुराज आडवे झाले, अनसूयाबाई खाली भजनाला गेल्या, की वर बराच वेळ पाणी सोडल्याचा आवाज. मग काहीतरी जड ओढल्यासारखं. मग धप्प. एकदा वरून उतरलेल्या लिफ्टमध्ये ओली पावलंही दिसली होती.

हुबळीतल्या एका जुन्या कापसाच्या वखारीला पाठीमागून जोडून हा मनोरा उभा केला होता. आत यायचं ते वखारीच्या दगडी कमानीखालून. जिथे कापसाच्या गासड्या रचत, तिथे आता सोफे होते आणि संध्याकाळी मंद संगीत लागे. मुलाने, वरदने, बंगळुरूहून हे घर घेऊन दिलं तेव्हा गुरुराजांनी वकिली आणि धारवाडच्या मळमड्डीतलं घर एकदमच सोडलं. सोसायटीचे सेक्रेटरी व्हायला त्यांना वर्षही लागलं नाही. येतानाच त्यांनी बायकोला बजावलं होतं, जुनाट पसारा या घरात नको. तांब्यापितळेची सगळी भांडी मोडीत घाल. घातली, असं अनसूयाबाईंनी सांगितलं आणि विषय संपला.

न विकलेल्या घराची चावी सेक्रेटरीकडे, म्हणजे त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असायची. तिथवर बाहेरची एकच बाई येत होती. लक्कव्वा. जुन्या हुबळीतून येऊन ती या इमारतीत चार घरची धुणीभांडी करायची. नवरा नव्हता, मुलगी नर्सिंगला होती. कमानीतून आत येणं बंद झालं, की तिची चारही घरं एकदम जाणार होती.

गुरुराजांनी वकिली डोकं चालवलं. रविवारी चावी दाते भिंतीकडे करून टांगली. सोमवारी संध्याकाळी दाते बाहेरच्या बाजूला होते.

त्यांनी लक्कव्वाला समोर उभं केलं. वर कोणाला आणून ठेवलं आहेस, असं सरळच विचारलं.

"मी चावीला हात लावले नाही, अप्पा," ती म्हणाली. मग तिने अनसूयाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईच्या मायेआड लपू पाहते, हे गुरुराजांनी बरोबर टिपलं.

कमिटीच्या बैठकीत त्यांनी प्रकरण अगदी कोर्टात मांडावं तसं मांडलं. खजिनदार श्रीहर्ष मान डोलावत राहिला. नवव्या मजल्यावरच्या डॉक्टर नूतनला मात्र ते सहन होईना. माझ्या आईनेही लोकांची भांडी घासली आहेत, घरात काही हललं की पहिलं तिचंच नाव निघायचं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

"काका, चावी तुमच्या घरात असते. मग संशय एकट्या लक्कव्वावर का?"

"कारण घरात उरतो आम्ही दोघंच, डॉक्टर," गुरुराज म्हणाले आणि सगळे हसले.

ठरलं असं, की सोमवारी सकाळी सर्वांसमक्ष दार उघडायचं. काही सापडलं तर लक्कव्वाचा इमारतीत यायचा पास रद्द.

रविवारी जेवताना अनसूयाबाईंचा घास हातातच राहिला.

"तिला काढू नका. मला तुमच्याशी थोडं बोलायचंय."

"उद्या. दार उघडल्यावर," गुरुराज म्हणाले. साक्षीदारांनी मध्येच बोललेलं त्यांना कोर्टातही खपत नसे.

सकाळी ते भलतेच खुशीत होते. लिफ्टमध्ये श्रीहर्षला म्हणाले, "आज सोमवार. मळमड्डीत असतो तर आठवड्यातून एकदा नळ यायचा दिवस. बायका घर सोडून हलायच्या नाहीत." त्यांनी स्वतः उभ्या जन्मात एक घागर भरली नव्हती, पण हे सांगताना त्यांना फार मौज वाटली.

दाराशी अनसूयाबाई पुढे झाल्या. "अहो, आत जाण्याआधी..."

गुरुराजांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि चावी फिरवली.

आत माणूस नव्हतं. अंथरूण नाही, चूल नाही, कपड्यांची दोरी नाही. लांबलचक काचेपाशी, जिथून सगळी हुबळी दिसते, तिथे ओळीने हंडे, घागरी आणि कळशा मांडल्या होत्या. चिंचेने लखलखीत घासलेल्या, काठोकाठ भरलेल्या, वर ताटल्या झाकलेल्या.

"पाणी?" श्रीहर्ष चक्रावला. "इथे चोवीस तास पाणी असताना?"

लक्कव्वा दाराबाहेरच उभी होती. नूतनने तिचा हात धरला होता.

हरायची गुरुराजांना सवय नव्हती. "अगदी सोपं आहे," ते म्हणाले. "जुन्या हुबळीत नळ आठ-आठ दिवस येत नाही. चोरून साठा करायची खोड आहे ही, नळाला धार असली तरी सुटत नाही. ती कबूल करणार नाही, पण आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. डॉक्टर, तुम्ही तिच्या वकील ना? तुम्हीच वाचा."

नूतन सर्वांत मोठ्या हंड्यापाशी वाकली. काठाखालची अक्षरं तिने बोटाने चाचपली. मग तिने वर पाहिलं, आधी अनसूयाबाईंकडे आणि मग गुरुराजांकडे.

"मोठ्याने वाचू, काका?"

"मोठ्याने. सगळ्यांना कळू दे."

"चि. गुरुराज व चि. सौ. कां. अनसूया यांस," नूतनने वाचलं, "लग्नानिमित्त आत्याकडून सप्रेम भेट."