कटरचं टोक

पार्सल पोचल्याचा मेसेज आला आणि हेमांगीच्या लक्षात आपली चूक आली. गुडघा निकामी झाल्यावर तिने आपलं पॅराशूट अकोल्याच्या शलाकाला विकलं होतं. खोकं चिकटपट्टीने घट्ट बांधलं, पण झाकणाखाली जाड पुठ्ठा घालायला ती विसरली होती. दोऱ्या अगदी वरच होत्या.

सातव्यांदा लावल्यावर शलाकाने फोन उचलला.

"अगं, खोकं कशाने उघडलंस?"

"बाबांनी उघडलं, कटरने. का हो, ताई?"

"आत काही कापलं गेलंय?"

"दिसत तरी नाही."

"सहज दिसणार नाहीच. जाणकाराकडून एकेक दोरी तपासून घेतल्याशिवाय उडी मारू नकोस. माझी शपथ आहे तुला."

दोन दिवस हेमांगीला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी शलाकाच्या वडिलांचा फोन आला.

"एक दोरी अर्धी कापलेली निघाली. माझ्याच हातून..."

"चूक माझी आहे, काका. दोरी मी नवी बसवून देते. पण तिला उडी मारू द्या."

"मारू दे. पण त्या दिवशी तुम्ही याल का? मला एकट्याला वर बघवणार नाही."