पटका

लेक बाळंत झाली आणि नर्सनं बिरदेवला चिठ्ठी न देता तोंडीच सांगितलं, "मोठे पॅड आणि सैल निकर घेऊन या."

जन्मभर अडलेल्या मेंढ्या त्यानं हातानं सोडवल्या होत्या. पण सांगलीच्या त्या मेडिकलसमोर त्याचं तोंडच उघडेना.

"काय पाहिजे, मामा?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"डोस्कं दुखतंय गं. गोळी दे."

परत गेला, परत गोळीच घेऊन आला.

सोनियानं बापाच्या मुठीतल्या गोळ्या बघितल्या. "आबा, आई असती तर..." म्हणून तिनं तोंड फिरवलं.

बिरदेवनं डोक्याचा पटका सोडला. नातवाला बघायचं म्हणून सकाळीच धुतलेला. तो लेकीच्या उशाशी ठेवला आणि पाठ करून उभा राहिला.

"फाड," म्हणाला.