उलायूचा पहिला मासा

किटलीचं झाकण थडथडू लागलं, तेव्हा कुठे आकिनिसी जागची हलली. दोघी बहिणी केव्हाच्या टेबलाशी बसून होत्या. विचारायचं ते विचारून झालं होतं.

"मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" थर्मासमध्ये चहा ओतता ओतता आकिनिसी म्हणाली. "पण मी हो म्हणून काय होतंय? पोरीला विचार. ती येते म्हणाली तर घेऊन जा."

धाकट्या एलिसापीने पुढे होऊन थर्मासचं झाकण लावलं. उद्याच्या विमानाची दोन तिकिटं तिने आधीच काढून ठेवली होती, हे ताईला सांगायचं राहिलं होतं. खाली दक्षिणेत, शहरात, तिचं बरं चाललं होतं. दवाखान्यात नोकरी होती, खोल्या उबदार होत्या, कोपऱ्यावर शाळा होती. दर हिवाळ्यात ती दुकानातून लहान बुटांचा एक जोड घ्यायची, आदल्या वर्षीपेक्षा मापाने मोठा. तो काही दिवस आपल्याच दाराशी मांडून ठेवायची आणि मग इकडे गावाला पाठवून द्यायची.

तेच बूट घालून उलायू दाराशी उभी होती. पाच वर्षांची पोर, आज पहिल्यांदा गळ टाकायला निघालेली. आकिनिसीने तिची टोपी घट्ट केली, सैल केली, पुन्हा घट्ट केली.

"आई, जाऊ दे ना आता," पोरगी कुरकुरली.

बर्फगाडीवर ती एलिसापीच्या पुढ्यात बसली. तलाव तसा जवळच होता, पण एलिसापीने टेकडीला वळसा घातला. पोटाशी टेकलेलं ते उबदार ओझं इतक्यात उतरवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

गोठलेल्या तलावावर चार माणसं आधीच बसली होती. त्यांत उलट्या खोक्यावर कुलुतु आजी. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिला कोणालाही काहीही बोलायची मुभा होती. शहरातल्या बाईंना बर्फाला भोक पाडायचं गिरमिट कुठल्या बाजूने धरायचं ते आठवतंय का, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं. एलिसापी हसली आणि गिरमिट फिरवू लागली. खालून पाणी उसळलं, तशी म्हातारीची मान हलली. मग तिने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा एलिसापीकडे, आणि आपल्या दोराकडे वळली.

भोकातला भुगा उलायूने झाऱ्याने काढला. मग ती पालथी पडून आत डोकावली आणि खाली अजून रात्र आहे का, म्हणून तिने विचारलं. दोर तळापर्यंत कसा सोडायचा, हातभर वर कसा घ्यायचा, मधूनच हिसका कसा द्यायचा, हे एलिसापीने तिचा हात हातात धरून दाखवलं. ते जमल्यावरही तिने हात सोडला नाही.

मासा येईपर्यंत ती शहराच्या गोष्टी सांगत राहिली. उन्हाळ्यात झाडांना लागणारी सफरचंदं. दुकानातला चालणारा जिना.

"जिनाच चालतो, तर माणसं काय करतात?"

"उभी राहतात."

उलायूला हे फारच आळशीपणाचं वाटलं. तेवढ्यात दोर ताणला गेला. दोघींनी मिळून ओढला, आणि तांबूस पोटाचा हातभर मासा बर्फावर येऊन तडफडू लागला.

पहिला मासा आपला नसतो. तो आपल्या सुईणीचा. हे पोरीला कोणी सांगावं लागलं नाही. दोन्ही हातांनी मासा कवटाळून ती कुलुतु आजीकडे गेली. म्हातारीने तो हातात घेतला आणि त्याच्या वजनाने आपण खेचलो जातोय असं सोंग करत चक्क बर्फावर लोळण घेतली. असला राक्षस या तलावात आजवर निघाला नाही, असं ती कण्हत कण्हत सांगत राहिली. सगळे हसले. उलायू ताठ मानेने परत आली.

"वाईट नाही वाटलं देताना?" एलिसापीने विचारलं.

पोरीने नाक मुरडलं. म्हणजे नाही.

एलिसापीने थर्मास उघडला. चहाबरोबर आकिनिसीने दिलेली तळलेली भाकरी मोडून अर्धी पोरीच्या हातात ठेवली. वारा पडला होता. आत्ता नाही विचारलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे तिला कळत होतं.

"उलायू, माझ्याकडे येशील राहायला? माझ्या घरी, कायमची?"

पोरीने ना हो म्हणून भुवया उंचावल्या, ना नाक मुरडलं. घास चावून संपवला. विचार करताना तिने बुटाची टाच बर्फावर घासली. 

"येईन," ती म्हणाली. "मला तू आवडतेस. तो जिनापण बघायचाय."

एलिसापीला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. तिने पोरीला जवळ ओढलं. उलायू तिच्या कुशीत नीट सरकून बसली, आणि मग मान वर करून तिने विचारलं,

"पण मावशी, आईला बाळ होत नव्हतं म्हणून तू मला जन्मल्या जन्मल्या तिला देऊन टाकलंस ना? मग मी तुझ्याकडे आले, तर आता तिला कोण देशील?"