बेटाभोवतीची रेघ

“डावीकडे घ्या. आता थांबा. अहो, थांबा म्हटलं ना!”

काकू धक्क्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, पण त्यांचा आवाज तळ्याच्या मध्यावर खणखणत होता. काकांच्या होडीत पुढ्यात अडकवलेल्या मोबाईलमधून. मागून वल्हवत येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचे कान किटले. बोटक्लबात त्यांचा हा पहिलाच दिवस. घरच्या आणि दवाखान्यातल्या कटकटीपासून सुटायला इथे यावं, तर पाण्यावरही तेच!

सकाळी धक्क्यावर ओळख झाली तेव्हाच त्यांना काकांची दया आली होती. काकूंनी नवऱ्याला दंड धरून होडीत बसवलं, त्यांचा काळा चष्मा नीट केला आणि बजावलं, “आज बेटाला पूर्ण फेरी पडलीच पाहिजे. लेक तिकडे नकाशा उघडून बसलीय. तुम्ही एकट्यानं फेरी मारलीत तरच होडी राहील. नाहीतर लेक होडी विकून टाकणार आणि आपल्याला तिच्याकडे नेणार.”

“होडी गेली तर मी जगायचं कशासाठी?” काका म्हणाले. ते हसत म्हणाले, पण थट्टा नव्हती ती.

काकूंच्या मांडीवरच्या टॅबवर काकांची होडी म्हणजे एक निळा ठिपका. तो सरकला की मागे रेघ उमटायची. रेघ जरा वाकली की काकूंचा पारा चढायचा.

दोन्ही होड्या बेटाच्या मागे गेल्या. धक्का दिसेनासा झाला, आवाज काही पाठ सोडेना.

“पुढे उजव्या हाताला खडक आहेत. ऐकताय ना?”

“ऐकतोय गं बाई. दुसरं करतोय काय?”

डॉक्टरांना राहवेना. एवढं सुंदर तळं, आणि या भल्या माणसाला मान वर करून बघायचीही मुभा नाही! त्यांनी आपली होडी शेजारी नेली, हात लांबवून काकूंचा फोन तोडला आणि मोबाईल मुका करून टाकला. नकाशा तेवढा चालू ठेवला. फेरीची रेघ तुटायला नको, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

“काका, सुटलात! आता कुणी ओरडणार नाही. लेकीला रेघ दिसतेच आहे. चला बिनधास्त, वाट समोरच आहे.”

काकांचं वल्हं हवेतच थांबलं. होडी वाऱ्यानं हळूहळू खडकांकडे सरकू लागली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज चढला नाही.

“समोर म्हणजे कुठल्या बाजूला, डॉक्टर?” त्यांनी विचारलं. “मला दिसत नाही हो.”