लिफाफा फोडल्यावर

उन्हाळाभर मी माझ्या लेकीला, टेटमला, अंगणात घडवलं. विद्यापीठातल्या सोरॉरिटी म्हणजे मुलींची मंडळं, प्रत्येकीचं वेगळं घर; मुली आणि मंडळं एकमेकांना निवडतात. तिथल्या मुलींशी काय बोलायचं, कधी हसायचं, आणि निवडीच्या निकालाचा लिफाफा फोडल्यावर आपल्या सोरॉरिटीच्या घराकडे कसं धावायचं, तेसुद्धा.

"मान ताठ! मागे वळून बघायचं नाही."

"आई, मला दुसरंच घर आवडलं तर?"

"तर माझ्याशी बोलू नकोस. तुझी आजीही माझ्याच सोरॉरिटीतली होती."

निकालाच्या दिवशी मी आमच्या सोरॉरिटीच्या घराच्या पायरीवर फुलं घेऊन उभी होते. धावणाऱ्या मुलींत टेटम दिसली. माझ्यासमोरून ती थेट शेजारच्या सोरॉरिटीच्या घरात शिरली.

"रोवेना, तुझी लेक चुकली गं," मैत्रीण हळहळली.

"चुकली? मान बघितलीस तिची? एकदा तरी मागे वळली का?"