नाकासमोर तारीख

ब्रेडच्या दहा पाकिटांची तारीख उलटून आठवडा झाला होता. नवी लेबलं चिकटवली की दहाही खपणार होती. ठेकेदार खैरनारांनी ती चिकटवली आणि दहा पाकिटं ताज्या तीस पाकिटांत मिसळून मुलींच्या वसतिगृहात पोचवली.

स्वयंपाकीण हौसामावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकेक पाकीट फोडून हुंगलं आणि दहा बाजूला काढली. नेमकी तीच दहा! खैरनारांनी लेबलावर बोट ठेवलं.

“मावशी, तारीख परवापर्यंतची आहे की!”

“असंल. बुरशीला कुठं तारीख वाचता येती?”

खैरनारांनी गुपचूप पाकिटं उचलली, पण पाय निघेना. “एवढं अचूक कळतं कसं हो?”

“पोरींच्या आधी मी खाते. वीस वर्षांत चारदा नाक चुकलं.”

“मग?”

“चारदा मला सलाइन लागलं. पोरींना एकदाबी नाही.”